बसायचं झाड

आखनला शिकले असं मी सगळ्यांना सांगते, पण आखनमध्ये मी राहिले मात्र नाही. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची यादी इतकी लांब होती की माझा नंबर लागेपर्यंत पदवी हातात पडली असती. शेवटी शहरापासून बसनं पाऊण तासावर, आयफेलचे डोंगर सुरू होतात तिथल्या एका गावात, लेंत्झ नावाच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरात वरची खोली मिळाली. घर दगडी, खिडक्या लहान, आणि जिन्याच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत हरणांची शिंगं लावलेली. पहिल्या दिवशी बॅग घेऊन तो जिना चढताना मी भिंतीपासून अंग चोरून घेतलं. आमच्या घरात असं एक शिंग सापडलं असतं तर बा वर्षभर आत गेला असता. इथे हेर लेंत्झ प्रत्येक शिंगापाशी थांबून, हे कुठल्या ओढ्यापाशी मिळालं, ते कुठल्या थंडीत, असं कौतुकानं सांगत होते आणि मी मान डोलावत होते. फ्राउ लेंत्झ खालून ओरडल्या, "अहो, तिला आधी पाणी तरी पिऊ द्या!" ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांना फारसं काही ऐकूच येत नसे, हे मला जेवणाच्या टेबलावर कळलं.

त्या घरात संध्याकाळी सहाला पाव, चीज, काकडी आणि कसला तरी उकडलेला कंद मांडला जाई. गरम जेवण दुपारचं. शनिवारी मसुराचं घट्ट सूप, त्यात वरून चमचाभर व्हिनेगर. मंगळवारी आणि शुक्रवारी स्वयंपाकघर माझं. ज्वारी मिळत नसे म्हणून मी राय नावाच्या काळपट धान्याच्या पिठाची भाकरी थापायची. ती कडेला चिरायची, पण पोट भरायची. मिरच्या भाजल्या की फ्राउ लेंत्झ न बोलता उठून खिडकी उघडायच्या आणि पुन्हा येऊन विणत बसायच्या. हेर लेंत्झ टेबलावर हाताचा तळवा टेकवून बसायचे. भाकरी थापल्याचे धक्के लाकडातून त्यांच्या हाताला लागायचे. "आज भाकरी," ते म्हणायचे, एखादी गुप्त बातमी फोडल्यासारखं.

तरी माझा जीव तिथे लागत नव्हता. मेटलर्जीची पुस्तकं पुढ्यात उघडी असायची आणि मी अर्ध्या तासात तीनदा उठून खिडकीशी जायची. दिवस कलला की जास्तच. खोलीत पाय ठरायचा नाही, मग मी कोट अडकवून शेताच्या बांधानं जंगलाच्या कडेपर्यंत चालत जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. मला तेव्हा वाटायचं ही घरची आठवण आहे. आज ह्या वयात, कानात यंत्र घालून रेगेन्सबर्गच्या बाल्कनीत बसल्यावर कळतं, की ती आठवण नव्हती, ती सवय होती. दिवस मावळताना माझे कान कामाला लागायचे, आणि त्यांना काम मिळत नव्हतं.

ते काम मला बानं शिकवलं होतं. आम्ही पारधी, फासेपारधी. बाच्या बाचा धंदा तितर धरण्याचा. तितर सकाळी धरायचं असलं तर आदल्या संध्याकाळी ते कुठल्या बाभळीवर बसलं हे ठाऊक हवं, म्हणून दिवस बुडायच्या वेळी जाऊन नुसतं ऐकायचं. बा ह्याला "पाखरं बसवून येणं" म्हणायचा. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तो मला न्यायचा, कारण माझे कान भावापेक्षा बरे होते. ऐकताना तोंड जरासं उघडं ठेवायचं, म्हणजे स्वतःचा श्वास आड येत नाही. पायाखाली आधीच साफ करून घ्यायचं, मग हलायचं नाही. पंखांचा फडफडाट मोजायचा. आणि कळलं की गुपचूप मागे फिरायचं; झोपलेल्या पाखराला हात लावायचा नाही, सकाळी ते उतरून चरायला निघालं की त्याच्या वाटेवर फासा. पुढे आश्रमशाळेत गेले, मग कॉलेजात, आणि ह्यातलं एक अक्षर मी कुणाला सांगितलं नाही. बानंही तोवर फासे सोडले होते. तो दगडाच्या खाणीवर जायचा. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आमच्याच वस्तीवर यायची.

माझं आडनाव काळे. ह्या आडनावाचा मला आखनमध्ये मोठा आधार होता, कारण ते कुणाचंही असू शकतं. तिथल्या मराठी मंडळींत अश्विनीताई म्हणून एक होत्या, पुण्याच्या, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. दर महिन्याला त्या आम्हा विद्यार्थ्यांना जेवायला बोलवायच्या. पहिल्याच भेटीत वरण वाढता वाढता त्यांनी विचारलं, "काळे म्हणजे देशस्थ का गं?" मी म्हटलं, "आम्ही मराठवाड्याकडचे." "गेनाऊ, बरोबर, मग देशस्थच," त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात तूप वाढलं. मी ते तूप खाल्लं. त्या फार मायेच्या बाई होत्या, आणि त्यांच्या घरी जायच्या आदल्या दिवसापासून मी घरच्यांबद्दलची उत्तरं मनात जुळवत राहायची.

हेर लेंत्झना मी जे सांगितलं ते मात्र सरळ खोटं होतं. मार्च नुकता लागला होता. शुक्रवार होता, मी मिरच्या भाजत होते, फ्राउ लेंत्झनी खिडकी उघडलेली. बाहेर वारा पडला होता. चर्चची संध्याकाळची घंटा झाली, आणि ती थांबता थांबता जंगलाच्या कडेनं एक आवाज आला, गळ्यात पाणी घोळवल्यासारखा, घाईघाईचा, गडगडता. मी तो पक्षी कधी ऐकला नव्हता. पण त्यानंतर जे झालं ते मला पाठ होतं: जड पंखांचा फडफडाट, फांदीचा करकर आवाज, थोडा वेळ शांत, मग पुन्हा फडफडाट. उलथणं हातात तसंच धरून मी मोजत राहिले आणि मराठीतून पुटपुटायच्या ऐवजी चुकून जर्मनमध्ये बोलून गेले, "सात बसले. आठवा अजून खाली आहे."

फ्राउ लेंत्झची विणकामाची सुई थांबली. त्यांनी नवऱ्याच्या कानाशी जाऊन ते वाक्य पुन्हा म्हटलं. हेर लेंत्झ उठून उभे राहिले.

"कुठे?"

"ओढ्याच्या पलीकडे. चढावर. मोठं झाड आहे, पानं नसलेलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. ते जंगल त्यांच्याकडे शिकारीच्या करारानं होतं, तीस वर्षं. कुणा जमीनदारानं फार पूर्वी अमेरिकेतून आणून सोडलेल्या रानटी टर्कींपैकी शेवटचा एक लहानसा थवा त्यात उरला होता. वसंतात दोन महिने त्यातला नर मारायला परवानगी असते. ते कुठल्या झाडावर रात्री बसतात हे संध्याकाळी ऐकून ठेवल्याशिवाय सकाळी काही साधत नाही, आणि हेर लेंत्झना तीन वर्षं ते झाड सापडत नव्हतं. यंत्र लावलं की सगळं जंगल एकाच अंतरावरून ऐकू येतं, कुठली बाजू ते कळत नाही, असं ते म्हणायचे. आता मला हे स्वतःला कळतं. तेव्हा मी फक्त ऐकून घेतलं. त्यांचा करार त्या वर्षी संपत होता.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" त्यांनी विचारलं.

मी तव्याकडे बघत म्हणाले, "माझे वडील जंगलात असतात."

"फर्स्टर!" हेर लेंत्झ म्हणाले. फर्स्टर म्हणजे तिकडचा वनाधिकारी, गावातला मानाचा माणूस. "तुमचे वडील फर्स्टर आहेत!"

नाही म्हणायला एक क्षण होता. तो मी जाऊ दिला. "या," मी म्हटलं. म्हणजे जर्मनमध्ये "हो".

त्या दिवसानंतर गावात माझी किंमत बदलली. बेकरीतली बाई मला "आमच्या फर्स्टरची मुलगी" म्हणून एक बन जास्त द्यायला लागली. शिकारी मंडळातला एक लालबुंद गृहस्थ रस्त्यात टोपी काढून विचारू लागला, भारतात वाघांचं कसं काय? हेर लेंत्झनी स्वतःच्या बायकोचा जुना हिरवा कोट मला दिला. आम्ही आठवड्यातून दोनदा दिवस मावळताना जायला लागलो. ओढ्यापाशी पोचलं की ते एका बाजूला उभे राहायचे आणि जंगलाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायचे. "तुम्ही तोंड उघडं ठेवून ऐकता," एकदा ते म्हणाले. "माझे वडीलही तसंच करायचे." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की परत येताना मी त्यांच्या पुढे झपाझप चालत सुटले. खोलीत गेल्यावर झोप लागायची नाही. उठून बसायची, पाणी प्यायची, पुन्हा आडवी व्हायची. टर्की मात्र झाडं बदलत होते. आज हा चढ, उद्या तो. मी त्यांच्या मागे होते आणि खोटं माझ्या मागे होतं.

महिना संपत आला तसा एका शुक्रवारी त्यांनी ठरवलं: आज संध्याकाळी झाड पक्कं करायचं आणि उद्या पहाटे बंदूक घेऊन जायचं. हवा कोरडी होती, वारा नव्हता. आम्ही ओढा ओलांडला, मी पायाखालची पानं सारून घेतली, उभी राहिले. नर दोनदा बोलला, आधी दूर, मग जवळ. माद्या खाली पाला उकरत येत होत्या, त्यांचा बारीक कुरकुर आवाज मला अगदी स्वच्छ येत होता. आणि त्याच वेळी कोटाच्या खिशात फोन थरथरायला लागला.

मी हळूच बघितलं. आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या बाईंचा नंबर होता. त्यांच्या फोनवरून आई बोलायची. आखनमध्ये दिवस मावळत होता म्हणजे तिकडे मध्यरात्र जवळ आली होती. मध्यरात्री आई कुणाच्या दारात जाऊन फोन मागते, ह्याचा अर्थ मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. फोन थांबला. पुन्हा थरथरला. हेर लेंत्झ माझ्या तोंडाकडे बघत होते. पहिली मादी उडाली. मी खिशावरून हाताची मूठ घट्ट दाबून धरली, आवाज दबावा म्हणून, आणि मोजत राहिले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा पाच वर होत्या आणि नर अजून खाली फिरत होता. मी उचलला नाही. कुणी मला अडवलं नव्हतं. चार पावलं मागे जाऊन बोलले असते तर फार तर पाखरं त्या दिवशी दुसरीकडे गेली असती. पण लहानपणापासून ज्याच्यासाठी कान तयार केले होते ते समोर घडत होतं, आणि मी माझ्या आईचा फोन खिशात दाबून धरला. शेवटी नर उडाला, जड, दोन फांद्यांना घासत, आणि मी बोट वर केलं: ते बीचचं झाड, ज्याचा शेंडा मोडलाय.

घरी येऊन मी फोन लावला तर बंद. रात्रभर बंद. पहाटे पावणेपाचला, तिकडे सव्वानऊ वाजले होते तेव्हा, आई मिळाली. शेजारच्या गावात सराफाचं दुकान फुटलं होतं. गुरुवारी रात्री गाडी आली, बाला आणि आणखी दोघांना घेऊन गेली. "चौकशीला बसवलंय म्हणत्यात," आई म्हणाली. "लिहून काही दिलं न्हाई. मी काल तिथं जाऊन बसले दिवसभर. आत मारल्याचा आवाज येत हुता. तुला रातच्याला लई येळा लावला गं." मी म्हटलं, "फोन दुसऱ्या खोलीत होता." खोटं बोलायची किती सवय झाली होती बघा, आईशीही.

खाली हेर लेंत्झ कॉफीचा थर्मास भरून तयार होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. इथून मी काय करणार होते? पाय आपोआप त्यांच्या मागे निघाले. अजून झुंजुमुंजू व्हायचं होतं. ओढा ओलांडून आम्ही त्या बीचपासून साठ-सत्तर पावलांवर एका पडलेल्या खोडाआड बसलो. वर आकाशावर काळे गोळे दिसत होते, एकेक पक्षी फांदीवर गोण ठेवल्यासारखा. ते उतरेपर्यंत थांबायचं होतं. झाडावर बसलेल्याला मारायचं नाही, हे हेर लेंत्झचंही होतं. त्यांनी आनंदानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि कुजबुजले, "उन्हाळ्यात वडिलांना बोलवा. त्यांना मी इथे बसवेन, ह्याच जागी. मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. एक फर्स्टर आमचा पाहुणा."

"माझे वडील फर्स्टर नाहीत," मी कुजबुजले.

त्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

"फर्स्टर नाहीत."

"काय? पुन्हा सांगा."

तिसऱ्यांदा मला मोठ्यानं बोलावं लागलं. किती मोठ्यानं ते मला कळलं नाही. "माझा बाप फर्स्टर नाही! तो पोलिसांच्या ताब्यात आहे!" नर आधी गडगडला, दार आपटल्यावर ते गडगडतात तसा, आणि मग सगळं झाड फुटल्यासारखं झालं. आठही पक्षी एकदम उठले, आमच्या डोक्यावरून खाली दरीकडे गेले, आणि बारीक काटक्या कितीतरी वेळ गळत राहिल्या.

हेर लेंत्झनी वर बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी बंदुकीची नळी खाली वाकवून दोन्ही काडतुसं काढली, खिशात टाकली आणि म्हणाले, "आल्झो. बरं. आता सावकाश सांगा. आता मोठ्यानं बोलायला हरकत नाही."

मी सांगितलं. माझं जर्मन तेव्हा फार पक्कं नव्हतं आणि रडताना आणखी मोडायचं. तुम्ही जे करता तेच माझा बा करायचा, मी म्हटलं. तुम्हाला त्याचा परवाना मिळतो, आम्हाला बंदी आहे. ठीक आहे, बंदी असू दे, त्यानं सोडलंही. पण चोरी कुठेही झाली तरी आमच्या दारात गाडी येते. "त्यांनी केली नाही ना?" हेर लेंत्झनी विचारलं. मी म्हटलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. थोडा वेळ ते बुटाच्या टोकानं पाला उकरत बसले. मग म्हणाले, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात ह्याचा मला राग आला आहे. तो मी नंतर बघतो. तुमच्या देशात ह्या वेळी कुणाला फोन करता येईल?"

मला एकच माणूस आठवला. अश्विनीताईंचे मामा आमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात वकील होते. त्यांच्या कोर्टातल्या गमती त्या जेवताना सांगायच्या. म्हणजे अश्विनीताईंना सांगायला हवं होतं, आणि फोनवर माझ्या तोंडून ते निघालं नसतं. हेर लेंत्झनी गाडी काढली. बंदूक घरी कपाटात कुलपात ठेवली, एवढाच काय तो वेळ गेला. शनिवारी सकाळी सात वाजता आखनमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं उभे होतो, चिखलाचे बूट, हिरवे कोट. अश्विनीताईंनी गाऊनवर शाल ओढत दार उघडलं.

"अगं सारिका? हे कोण? काय झालं?"

मी दारातच, आत न जाता, एका दमात बोलून टाकलं. बाला उचललंय, लिहून काही दिलेलं नाही, मारलंय. का उचललं तेही सांगितलं. "ताई, आम्ही देशस्थ नाही. आम्ही पारधी."

दाराशेजारी चपलांचं कपाट होतं आणि त्यावर त्यांची पर्स ठेवलेली होती. अश्विनीताईंची नजर त्या पर्सकडे गेली. मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांना दिसलं. पुढच्याच क्षणी त्यांनी ती पर्स उचलली, त्यातून फोन काढला आणि मामांना लावला. "मामा, कामात नाही ना? माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना चौकशीला म्हणून दोन दिवस बसवून ठेवलंय. अटक दाखवली आहे का ते बघायला हवं. आत्ता जाल का?" मैत्रीण म्हणाल्या त्या. त्या नजरेत फोन होता की दुसरं काही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आम्ही पुढे कितीतरी वर्षं एकमेकींना भेटत राहिलो, त्यांच्या आजारपणात मी त्यांच्याकडे महिनाभर राहिले, तरी मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मामा दुपारपर्यंत ठाण्यावर पोचले. वकील आलाय म्हटल्यावर बाला आणि त्या दोघांना संध्याकाळी सोडलं. कागदावर त्यांचं नावच नव्हतं, म्हणजे पकडलंही नव्हतं आणि सोडलंही नव्हतं. चोर महिन्याभरानं दुसऱ्याच राज्यात सापडले. आमच्या वस्तीवर ते सांगायला कुणी आलं नाही.

सुटका झाली खरी, पण माझी बेचैनी वाढली, कारण बा माझ्याशी बोलेना. मी फोन केला की तो दोन शब्द बोलायचा, "बरं हाय, बरं हाय," आणि फोन आईच्या हातात द्यायचा. मी काहीतरी विचारायची, तो भलतंच उत्तर द्यायचा किंवा गप्प राहायचा. मला वाटायचं त्याला कळलंय. मी फोन उचलला नाही हे त्याला कुठून तरी कळलंय. अभ्यास पुढे सरकत नव्हता. बसमध्ये मी एका जागी बसू शकत नव्हते. उठून दाराशी उभी राहायची, स्टॉप येण्याच्या कितीतरी आधी.

हेर लेंत्झनी आपला राग एका वाक्यात उरकला. आठवड्यानं टेबलावर म्हणाले, "फर्स्टरच्या मुलीपेक्षा शिकाऱ्याची मुलगी मला जास्त उपयोगाची आहे, हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी मंडळात तोंडघशी पडलो नसतो." फ्राउ लेंत्झ हसल्या आणि त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक बटाटा ठेवला. मंडळात त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. त्या लालबुंद गृहस्थानं मात्र टोपी काढायचं बंद केलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. टर्की आता दरीच्या पलीकडे बसत होते. ते झाड शोधायला मला चार संध्याकाळी लागल्या. पहाटे आम्ही दोघं झुडपात बसलो. माद्या उतरून दुसऱ्या अंगाला गेल्या, नर एकटा फांदीवर राहिला, आणि मी तोंडानं मादीची हाक दिली. इतक्या दिवसांत ती मला येऊ लागली होती. नर उतरला, शेपटी फुलवून सरळ आमच्याकडे आला, आणि हेर लेंत्झनी त्याला एकाच गोळीत पाडलं. मला वाईट वाटलं असं लिहिणं बरं दिसेल, पण तसं काही झालं नाही. खाल्लं जाणारं पाखरू होतं आणि नीट मेलं होतं. त्यांनी ओकची एक डहाळी मोडली, तिचे दोन तुकडे केले, एक आपल्या टोपीत खोवला आणि दुसरा, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, मला दिला. रविवारी फ्राउ लेंत्झनी टर्कीच्या तंगड्या भाजल्या आणि छातीच्या मांसाचं मी कालवण केलं. हेर लेंत्झचे डोळे गळत होते तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी बस स्टॉपवर बसून अंगणवाडीच्या बाईंचा नंबर लावला. त्यांनी बाला बोलावून फोन दिला. मी त्याला "बरं हाय" म्हणायची संधीच दिली नाही. "बा, त्या रात्री आईचा फोन मला दिसला होता," मी म्हटलं. "तीनदा आला. खिशात होता. मी उचलला नाही. मी पाखरं बसवत होते."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. मी डोळे मिटून वाट बघत होते.

"थांब," बा म्हणाला. "फोन ह्या कानाला घेतो. डाव्या कानाला काय बी ऐकू येईना झालंय. तिथं एकानं हाणली हुती. काय म्हणलीस, परत सांग."

सहा आठवडे तो माझ्यावर रागावलाय असं धरून मी जळत होते, आणि तो फक्त चुकीच्या कानानं ऐकत होता, आणि ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटत होती. आईलाही त्यानं सांगितलं नव्हतं. मग मी सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द मोठ्यानं, पहिल्यापासून: फोन, खिसा, मूठ, पाखरं.

"कसली पाखरं?" बानं विचारलं.

"टर्की म्हणतात. कोंबड्याच्या तिप्पट असतात."

"किती?"

"आठ."

"नर किती?"

"एकच."

"सगळ्यात शेवटी बसला असंल."

"हो. सगळ्यात शेवटी."

"मग मदीच कसं बोलणार तू," बा म्हणाला, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. त्यानं मला माफ केलं असं मी समजत नाही. त्याला त्यात माफ करण्यासारखं काही दिसलंच नाही, आणि मला ते आजही दिसतं. ह्या बाबतीत आम्हा दोघांचं कधी एकमत झालं नाही. पण त्या क्षणी तो पुढचंच विचारत होता. "मादी बोलती कशी? करून दाखव."

स्टॉपवर दोन शाळकरी मुली आणि एक म्हातारे गृहस्थ उभे होते. मी फोन तोंडापुढे धरला आणि मादीची हाक दिली, पूर्ण, पाच-सहा सुरांची. मुली वळून बघायला लागल्या. मग पलीकडून बानं घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि आयुष्यात कधी न पाहिलेल्या, न ऐकलेल्या त्या पक्ष्याची हाक त्यानं एका कानावर ऐकून मला परत दिली. जवळजवळ बरोबर होती.

"बा," मी म्हटलं, "शेवटचा सूर जरा आखूड कर."

त्यानं आखूड केला.